गॅलापागोसमध्ये डायव्हिंगसाठी एकच दिवस असेल तर तो कुठे आणि कसा घालवावा?

नमस्कार. आपला प्रश्न नीट वाचला. आपण, आपल्या पत्नी आणि तेरा वर्षांची मुलगी असे तिघे ऑगस्टमध्ये सहा दिवसांसाठी गॅलापागोसला जात आहात. आपल्याकडे ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचे पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र आहे आणि नेत्राणी व हॅवलॉक मिळून पंधराएक डायव्ह झाले आहेत. पत्नी आणि मुलगी डायव्हिंग करत नाहीत, पण दोघींना पोहता येते. डायव्हिंगसाठी एकच दिवस काढता येणार आहे. त्या दिवशी सकाळी सांताक्रूझ बेटाजवळच्या गॉर्डन रॉक्सला हॅमरहेड शार्क पाहावेत आणि दुपारी सर्वांनी मिळून महाकाय कासवे व निळ्या पायांचे बूबी पक्षी पाहावेत, हे जमेल का, असे आपण विचारले आहे.

निव्वळ घड्याळाच्या हिशेबाने यातले बरेचसे ओढूनताणून जमवता येईल. तरीही तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. डायव्हिंग शिकवणे आणि भारतातून येणारे छोटे गट बाहेरच्या समुद्रात नेणे हेच माझे काम असल्याने, या मताची कारणे जरा विस्ताराने सांगते. हॅमरहेड सर्वांत जास्त कुठे दिसतात, असा आपल्या प्रश्नाचा रोख आहे. खरा पेच मात्र वेगळा आहे. मोजके डायव्ह झालेला, तेही कोमट पाण्यात झालेला माणूस, थंड आणि प्रवाही पाण्यात पहिल्यांदा उतरणार आहे. त्याच वेळी डायव्हिंग न करणाऱ्या दोघींचा दिवस बोटीवर बसून वाया जाता कामा नये. या दोन्ही गोष्टी ज्या ठिकाणी साधतात ते ठिकाण निवडायला हवे, आणि माझ्या मते ते गॉर्डन रॉक्स नाही. ते सान क्रिस्तोबाल बेटाजवळचे लेओन दोर्मिदो, म्हणजेच इंग्रजी माहितीपत्रकांतले किकर रॉक आहे.

आधी ही बेटे आणि तिथले पाणी समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर असलेली ही बेटे पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या तप्त खडकाच्या एका स्थिर झोतावर तयार झाली आहेत. त्यावरून नाझ्का भूपट्ट पूर्वेकडे सरकत असल्याने पश्चिमेची फर्नांदिना आणि इसाबेला ही बेटे तरुण व आजही धगधगती आहेत, तर पूर्वेची सान क्रिस्तोबाल व एस्पान्योला ही सर्वांत जुन्या बेटांपैकी आहेत. (आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही अशाच एका झोतातून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, त्यामुळे तिथला किनारा आपल्या डोळ्यांना अगदीच परका वाटत नाही.) खोल समुद्रातून हे डोंगर थेट वर आले आहेत. दक्षिणेकडून हंबोल्ट हा थंड प्रवाह येतो, ईशान्येकडून पनामाचा कोमट प्रवाह येतो आणि पश्चिमेकडून पृष्ठभागाखालून वाहणारा क्रॉमवेल प्रवाह या डोंगरांच्या बुडाशी आदळून खोल पाण्यातले क्षार घेऊन वर चढतो. या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर लहान मासे जगतात, लहानांवर मोठे, आणि शेवटी शार्क, सी लायन, बूबी आणि फ्रिगेट पक्षी. विषुववृत्तावर पेंग्विन राहू शकतो तो याच थंड पाण्यामुळे.

म्हणजे जो प्रवाह प्राणी आणतो, तोच प्रवाह पाण्यात कोणी उतरावे आणि कोणी उतरू नये हेही ठरवतो. हॅमरहेड दिवसा कळपाने थांबतात ते सहसा बेटाच्या अशा बाजूला, जिथे प्रवाह खडकावर येऊन आदळतो. रात्री ते शिकारीसाठी उघड्या समुद्रात पांगतात. आपण शार्कच्या जितके मागे जाल, तितके अधिक जोराच्या पाण्यात जाल.

गॉर्डन रॉक्स हे याचे ठळक उदाहरण आहे. एका झिजलेल्या, बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाचे काठ तिथे पाण्यावर सुळक्यांसारखे उरले आहेत. प्रवाह या सुळक्यांच्या फटींतून आत शिरतो, आतल्या वाटीसारख्या भागात फिरतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. कधी वर उचलतो, कधी खाली ओढतो. स्थानिक डायव्हर त्याला ‘वॉशिंग मशीन’ म्हणतात ते उगाच नाही. अनुभवी माणसाला तिथे अप्रतिम डायव्ह मिळतो, यात शंका नाही. पण बहुतेक चांगल्या संस्था तिथे नेण्यासाठी ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि पंधरापेक्षा बरेच जास्त डायव्ह मागतात. एखादी संस्था आपल्याला कसलीही चौकशी न करता तिथे न्यायला तयार झाली, तर तिला नकार द्या. शिवाय डायव्हिंगच्या दिवसभराच्या बोटी सांताक्रूझहून सहसा केवळ डायव्हर घेऊन जातात आणि प्रवाशांना कुठल्या बेटावर उतरवत नाहीत. त्यामुळे पत्नी आणि मुलगी यांचा दिवस आपल्यापासून वेगळाच पडेल.

आता थंडीबद्दल, कारण आपण या मुद्द्याचा उल्लेखच केलेला नाही आणि मला सर्वाधिक काळजी त्याचीच वाटते. जून ते नोव्हेंबर हा तिथला थंड हंगाम. आकाश ढगाळ असते, ‘गारुआ’ नावाची बारीक भुरभुर चालू असते आणि ऑगस्टमध्ये पाण्याचे तापमान साधारण १९ ते २२ अंश सेल्सिअस असते. खोलीवर अचानक लागणाऱ्या थंड थरात ते आणखी दोन-तीन अंशांनी उतरते. नेत्राणीला आणि हॅवलॉकला आपण २७ ते २९ अंशांच्या पाण्यात पातळ सूट घालून डायव्ह केले असतील. इथे सात मिलिमीटर जाडीचा वेटसूट, हूड आणि बूट लागतील, आणि जाड सूट म्हणजे केवळ जास्त ऊब नव्हे. त्यातल्या वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे तो तुम्हाला पृष्ठभागावर जोराने तरंगवतो, म्हणून कमरेला वजन जास्त लागते. खाली गेल्यावर दाबाने तो आकसतो, तरंगणे कमी होते आणि तेच वजन आता खाली ओढू लागते. ते सावरण्यासाठी डायव्हरच्या फुगवता येणाऱ्या जाकिटात हवा भरावी लागते. वर येताना सूट पुन्हा फुगतो, जाकिटातली हवाही फुगते, आणि ती वेळेवर सोडली नाही तर माणूस नको तितक्या वेगाने वर जातो. त्यात ॲल्युमिनियमचे सिलिंडर रिकामे होत आले की स्वतःच तरंगू पाहते, आणि नेमके त्याच वेळी पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, करायचा असतो. पातळ सुटात शिकलेल्या चांगल्या डायव्हरचीही इथे पहिल्या डायव्हला त्रेधा उडते, हे मी वारंवार पाहिले आहे.

हवेचे गणितही एकदा कागदावर मांडून बघा. नेहमीच्या सिलिंडरची आतली जागा अकरा लिटरच्या आसपास असते; २०० बार दाबाला त्यात सुमारे २२०० लिटर हवा मावते. शेवटचे ५० बार राखून ठेवायचे, म्हणजे वापरायला उरली साधारण १६५० लिटर. १८ मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या २.८ पट असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथे मिनिटाला ५६ लिटर घेतो, आणि ती हवा त्याला सुमारे २९ मिनिटे पुरते. हाच माणूस थंडीने कुडकुडत, प्रवाहाविरुद्ध पाय मारत, मनात थोडी भीती घेऊन मिनिटाला ३० लिटर घेऊ लागला, तर तीच हवा २० मिनिटेही पुरत नाही. ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे, आणि गॉर्डन रॉक्सला शार्क पुष्कळदा त्याच्याही खाली असतात. एवढा खर्च आणि एवढा प्रवास करून तिथे जायचे आणि पाण्याखाली सगळे लक्ष हवेच्या काट्याकडे ठेवायचे, यात आपल्या पदरात फारसे काही पडणार नाही.

लेओन दोर्मिदोला हे प्रश्न नाहीसे होत नाहीत, पण आपल्या आवाक्यात येतात. सान क्रिस्तोबालच्या पश्चिम किनाऱ्यासमोर समुद्रात हा प्रचंड खडक उभा आहे. तापलेला लाव्हा समुद्राच्या पाण्याला भिडून जे स्फोट झाले, त्यांची राख साचून, घट्ट होऊन बनलेल्या शंकूचा हा अवशेष. जवळ गेल्यावर त्याच्या पिवळसर तपकिरी भिंतीत राखेचे थर एकावर एक सरळ दिसतात. समुद्राने तो मधोमध चिरला आहे आणि त्या चिरेत एक अरुंद खिंड तयार झाली आहे. खिंडीचा तळ बहुतांशी ओपन वॉटर डायव्हरच्या मर्यादेच्या आसपास आहे. प्रवाह इथेही असतो, पण तो बहुतेक वेळा एका दिशेने वाहतो, त्यामुळे मार्गदर्शक त्याच्यासोबत वाहत जाण्याचा डायव्ह आखू शकतो. बाहेरच्या भिंती खोल आहेत; तिथे आपण १८ मीटरच्या वरच राहायचे आहे, खाली काहीही दिसले तरी. हॅमरहेड, गॅलापागोस शार्क, कासवे आणि चितळ्या पाकटांचे थवे इथे नियमित दिसतात. आणि आपल्या कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एकाच बोटीवर डायव्हर आणि स्नॉर्कलर (मास्क व नळी लावून पृष्ठभागावर पोहणारे) दोघांनाही नेण्याची इथे पद्धत आहे. दिवसाचा काही वेळ त्या बोटी एखाद्या किनाऱ्यावरही घालवतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या कोणीही आधी ठामपणे सांगू शकत नाही. ऑगस्टमध्ये पाणी हिरवट आणि अन्नाने भरलेले असते; त्यामुळे जीवसृष्टी भरपूर, पण दृश्यता कमी, कधी दहा मीटर, कधी त्याहून बरी. हॅमरहेडचा कळप त्या दिवशी येईलच असे नाही. एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते अशा वर्षात सगळेच गणित बदलते. १९८२-८३ आणि १९९७-९८ मध्ये पाणी इतके तापले की समुद्री इग्वाना ज्या शेवाळावर जगतात ते नाहीसे झाले आणि ते उपाशी मेले. पेंग्विनांचीही फार हानी झाली. आपली शारीरिक स्थिती, कान, बोट लागण्याची सवय हेही महत्त्वाचे. बोट लागत असेल तर गोळी कोणती घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, डायव्हिंग करणार आहोत हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि ती गोळी आधी घरी घेऊन पाहा. काही गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत डायव्ह करणे धोक्याचे आहे.

एक विनंती मात्र आग्रहाने करते. डायव्हिंगला एकच दिवस असला, तरी त्याच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस काढून सान क्रिस्तोबालजवळच्या इस्ला लोबोसला सरावाचा डायव्ह करा. तिथे पाणी उथळ आहे आणि सी लायनची वस्ती आहे, त्यामुळे घरची मंडळीही स्नॉर्कलिंगसाठी सोबत येऊ शकतात. नवा सूट, योग्य वजन, हूडमुळे कानांवर येणारा दाब आणि थंड पाण्यात घेतलेला पहिला श्वास या सगळ्याची ओळख तिथेच होऊ द्या. पाच मीटरवर, सिलिंडरमध्ये ५० बार उरले असताना, हातपाय न हलवता स्थिर राहता येते का ते पाहा. येत असेल तर दुसऱ्या दिवशी निर्धास्त जा. येत नसेल तर वजन बदला आणि पुन्हा पाहा; आणि तरीही जमले नाही तर दुसऱ्या दिवशी आपणही स्नॉर्कलिंगच करा. (हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते: मालवण-तारकर्लीला शिक्षकाने धरून नेलेला पर्यटकांचा डायव्ह म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, आणि त्या अनुभवावर या पाण्यात उतरता येत नाही.)

आता प्रत्यक्ष दिवस. बोटी सकाळी आठच्या सुमारास पुएर्तो बाकेरिसो मोरेनोच्या धक्क्यावरून निघतात. धक्क्यावर थोडे आधी पोहोचा, कारण प्राणीदर्शन तिथूनच सुरू होते: सी लायन बाकांवर, पायऱ्यांवर, उभ्या होड्यांत आडवे पडलेले असतात. ते कितीही निवांत दिसले तरी दोन मीटरचे अंतर सोडू नका. हा राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे, आणि नर आपल्या हद्दीत आलेल्या माणसाच्या अंगावर खरोखर धावून जातो. सूट अर्धा चढवूनच बोटीत बसा आणि वर वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट घाला. पहिल्या डायव्हच्या आधी थंडी वाजू न देणे जितके महत्त्वाचे, तितकेच दोन डायव्हच्या मधल्या तासाभरात अंग कोरडे आणि गरम ठेवणे महत्त्वाचे आहे. दुसऱ्या डायव्हला माणसे थकतात ती बहुधा या तासात गारठल्यामुळे.

पाण्यात उतरल्यावर भिंतीजवळ राहा. भिंतीपासून दूर निळ्यात पोहत गेलात की प्रवाह आपला ताबा घेतो. मार्गदर्शक जिथे थांबायला सांगेल तिथे खडक धरावा लागेल. प्रवाळ असलेल्या समुद्रात मी कोणालाही काही धरू देत नाही, पण इथला खडक बार्नेकलांच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या लहान कवचधारी जीवांच्या) धारदार कवचांनी मढलेला आहे आणि काही वेळा तो धरणे हाच सुरक्षित मार्ग असतो. म्हणून हातमोजे घाला, आणि हात टेकवण्याआधी तिथे विंचूमासा बसलेला नाही ना हे नीट पाहा, कारण तो खडकासारखाच दिसतो. आपले बुडबुडे वर जाण्याऐवजी खाली जाताना दिसले, तर पाणी खाली ओढते आहे असे समजा. अशा वेळी वर जाण्यासाठी झटापट न करता खडक धरा किंवा आडवे पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडा, आणि नजर मार्गदर्शकावर ठेवा. पृष्ठभागावर येण्याआधी सोडायचा रंगीत फुगा प्रत्येकाकडे स्वतःचा असावा आणि तो कसा सोडायचा हे सरावाच्या डायव्हमध्येच शिकून घ्या. लाटांत बोटवाल्याला माणसाचे डोके दिसत नाही, तो फुगा दिसतो.

हॅमरहेड पाहण्याची रीत शांत बसण्याची आहे. सुमारे पंधरा मीटरवर कुठेतरी थंड थर लागतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते, तसे त्या सीमेवरचे पाणी डोळ्यांसमोर थरथरते, आणि शार्क पुष्कळदा त्याच्या खालच्या, थंड बाजूला असतात. त्यांच्यामागे पोहू नका. आपल्या बुडबुड्यांच्या आवाजाने ते बुजतात. त्यांच्या दिशेने एकाने जरी पाय मारले, तरी कळप वळून निघून जातो आणि त्या डायव्हला परत येत नाही. खडकाला टेकून सावकाश श्वास सोडत राहिलात, तर एखादी मादी कळपातून वेगळी होऊन वर येते, वेग कमी करते आणि अंग किंचित कलते करते. मग पिवळे बार्बरफिश आणि गडद निळे, पिवळ्या शेपटीचे किंग एंजलफिश खडकावरून उठून तिच्या कल्ल्यांभोवती आणि पोटाखाली जमतात, तिच्या कातडीवरचे परजीवी टिपतात. तो सारा व्यवहार मिनिटभरात संपतो. हा मासा आज जगभर अतिसंकटग्रस्त आहे. स्कॅलप्ड हॅमरहेडला आंतरराष्ट्रीय यादीत धोक्याची सर्वांत वरची श्रेणी दिली आहे. इथे तो टिकून आहे याचे एक मोठे कारण म्हणजे १९९८ मध्ये या बेटांभोवती झालेले सागरी राखीव क्षेत्र, जिथे औद्योगिक मासेमारीला बंदी आहे. कॅमेरा न्यायचा असेल तर न्या, पण पहिल्या डायव्हला तो बोटीतच ठेवा, असे मी प्रत्येक नवख्या डायव्हरला सांगते आणि आपल्यालाही सांगेन.

पत्नी आणि मुलगी यांच्यासाठी दोन गोष्टी. लेओन दोर्मिदोला उभे राहायला कुठेही उथळ जागा नाही; बोटीतून उतरले की खाली थेट खोल पाणी आणि खिंडीत लाटांचा हेलकावा. तरणतलावात उत्तम पोहणाऱ्या व्यक्तीलाही खालचा गडद निळा रंग पाहून पहिल्यांदा धस्स होते. म्हणून त्यांनीही आदल्या दिवशी इस्ला लोबोसला मास्क आणि नळीचा सराव करावा, वेटसूट आवर्जून घालावा आणि संकोच न करता लाइफ जॅकेट मागावे. शार्क खालून जाताना वरून दिसतात. ते सहसा स्नॉर्कलरकडे वळत नाहीत, आणि हे मुलीला आधीच सांगून ठेवले तर ती ते दृश्य आनंदाने पाहील. पाण्यात उतरायचे नसेल तर बोटीवरूनही बूबी आणि फ्रिगेट पक्षी कड्यांच्या कपारींत बसलेले आणि भोवती घिरट्या घालताना दिसतात. कोणत्याही कारणाने तिला जबरदस्तीने पाण्यात उतरवू नका.

दुपारी बोट किनाऱ्याकडे वळते. कुठल्या किनाऱ्यावर जायचे हे त्या बोटीच्या परवान्यावर ठरते. आरक्षण करताना सेरो ब्रुहोचा किनारा असलेली फेरी मिळते का ते विचारा. पांढरी मऊ वाळू आणि तिच्या टोकाला काळा लाव्हा अशी ही जागा आहे, आणि चार्ल्स डार्विनने सप्टेंबर १८३५ मध्ये या द्वीपसमूहात पहिले पाऊल ठेवले तेही याच सान क्रिस्तोबाल बेटावर. वाळूपेक्षा त्या काळ्या खडकाजवळ जास्त वेळ काढा. समुद्री इग्वाना तिथे एकमेकांवर पसरून ऊन खात असतात. थंड पाण्यात शेवाळ खाऊन आल्यावर त्यांना शरीर पुन्हा तापवावे लागते, आणि काळा दगड त्यासाठी उत्तम. थोडा वेळ एका जागी स्थिर बसलात तर त्यांच्या नाकपुड्यांतून फुर्रकन खारे तुषार उडताना दिसतील; शेवाळाबरोबर पोटात गेलेले जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथींमधून ते असे बाहेर टाकतात, आणि त्याचाच पांढरा थर त्यांच्या डोक्यावर साचलेला असतो. तांबडे खेकडे त्यांच्या अंगाशेजारून बिनदिक्कत फिरतात. निळ्या पायांचे बूबी पाण्यावर सूर मारताना इथे सहज दिसतात. त्यांच्या पायांचा निळा रंग खाण्यातून मिळणाऱ्या रंगद्रव्यांशी जोडलेला आहे, त्यामुळे पोट नीट भरलेल्या पक्ष्याचे पाय अधिक उजळ असतात आणि मादी जोडीदार निवडताना ते पाहते. फ्लॅश वापरू नका, काही खायला देऊ नका, वाळू किंवा शिंपला खिशात घालू नका.

कासवांचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. डायव्हिंगच्या दिवशी दुपारी कासवे पाहायला जाऊ नका. ती सरावाच्या डायव्हच्याही आधीच्या दिवशी पाहा. वेळेची ओढाताण हे एक कारण आहे, पण त्याहून मोठे कारण उंचीचे आहे. डायव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, आणि त्या काळात उंचीवर गेले की हवेचा दाब घटून बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. सान क्रिस्तोबालवरची कासवे पाहायला जाणाऱ्या गाड्या पुष्कळदा वाटेत एल हुंको या सरोवरावर थांबतात, आणि ते समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. माहितीपत्रकात हे कोणी लिहीत नाही. विमानाचा नियम आपल्याला ठाऊक असेलच: एकापेक्षा जास्त डायव्ह झाले असतील तर किमान १८ तास थांबायचे. मी गटांना पूर्ण २४ तास थांबवते, आणि आपल्यासाठी ते अधिकच गरजेचे आहे, कारण परतीचे विमान कीटोला जाणार असेल तर ते शहरच २८०० मीटरच्या आसपास वसले आहे. सहा दिवसांत हे सहज बसते.

दोन-तीन व्यावहारिक गोष्टी भरभर सांगते. परदेशी प्रौढ प्रवाशाचे उद्यान प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झाले आहे आणि ते रोख द्यावे लागते. विमानतळावर सामान तपासतात. ताजी फळे, बिया, मोड आणायचे धान्य नेऊ नका, कारण परकी वनस्पती ही या बेटांची जुनी दुखणी आहेत. आपण सांताक्रूझला उतरत असाल तर सान क्रिस्तोबालपर्यंत वेगवान बोटीने साधारण दोन तास लागतात, आणि ऑगस्टमध्ये तो प्रवास फार हेलकाव्यांचा असतो. त्याच दिवशी डायव्हिंग ठेवू नका. शक्य असेल तर एका बेटावर उतरून दुसऱ्यावरून परतीचे विमान घ्या, म्हणजे हा समुद्रप्रवास एकदाच करावा लागेल.

शेवटी, लेओन दोर्मिदोचा दिवस सान क्रिस्तोबालमधल्या मुक्कामाच्या मध्यावर ठेवा, शेवटी नको. ऑगस्टमध्ये लाटा वाढल्या की बंदर अधिकारी बोटी थांबवतात, आणि मग दुसऱ्या दिवशी जायला जागा हवी. त्या रिकाम्या झालेल्या दिवशी गावातून पायवाटेने तिहेरेतास टेकडीवर जा. तिथे फ्रिगेट पक्षी वाऱ्यावर डोक्याच्या उंचीवर तरंगतात आणि खालच्या लहानशा खाडीत, समुद्र शांत असेल तर, तिघांनाही मिळून सी लायनबरोबर स्नॉर्कलिंग करता येते. दुपारनंतर ला लोबेरियाच्या किनाऱ्यावर इग्वाना आणि सी लायन आहेतच. आरक्षण करण्याआधी आपल्या शेवटच्या डायव्हची तारीख, सर्वांत मोठी खोली आणि त्या डायव्हच्या अखेरीस सिलिंडरमध्ये किती बार उरले होते, हे संस्थेला लिहून कळवा. त्यावरून ती आपल्याला नेमक्या कुठल्या गटात घेते, ते पाहून पुढचे ठरवा.